कोल्हापूर–मुंबई आणि दिल्ली–बागडोगरा प्रवासात खिडकी कोणत्या बाजूची घ्यावी?

करवीरवासी (प्रश्न)

नमस्कार मंडळी. नोव्हेंबरच्या दुसऱ्या आठवड्यात आम्ही उभयता दार्जिलिंग आणि सिक्कीमच्या सहलीस निघत आहोत. उजळाईवाडीहून (कोल्हापूरच्या विमानतळावरून) सकाळी नऊच्या सुमारास मुंबई, तेथून दुपारच्या विमानाने दिल्ली, दिल्लीत एक मुक्काम आणि दुसऱ्या दिवशी सकाळी बागडोगरा, असा जाण्याचा क्रम आहे. परतताना मुंबईहून कोल्हापूरचे विमान दुपारी साडेचारच्या सुमारास सुटते. कोल्हापूर–मुंबईसाठी दोन्ही वेळा पंख्याचे एटीआर विमान आहे, असे तिकिटावर दिसते.

सौ.च्या डोळ्यांची मोतीबिंदूची शस्त्रक्रिया अलीकडेच झाली आहे. डॉक्टरांनी प्रवासाला मोकळीक दिली असली, तरी प्रखर उजेड समोरून आला की तिच्या डोळ्यांतून पाणी येते. मला मात्र खिडकीचे वेड आहे आणि पडदा ओढून बसायचे असेल तर खिडकीचे पैसे कशाला भरायचे, असे माझे स्पष्ट मत आहे. एसटीने जाताना गाडी फलाटाला लागण्यापूर्वीच ऊन कोणत्या अंगाला येणार याचा हिशेब करून आम्ही रुमाल टाकत असू. विमानात रुमाल टाकता येत नाही आणि आसन घरबसल्या निवडावे लागते. तेव्हा सावली आणि देखावा या दोन्ही गोष्टी एकाच बाजूला मिळणे शक्य आहे का, आणि नसल्यास कोणत्या टप्प्यावर कोणती बाजू सोडावी, हे जाणकारांनी कृपया सांगावे.

निवृत्त भूगोल शिक्षक

आपला एसटीचा हिशेब विमानालाही जसाच्या तसा लागू पडतो. फक्त येथे रस्त्याची वळणे नसल्यामुळे तो अधिक सोपा होतो. नकाशावर दोन्ही शहरांना जोडणारी सरळ रेषा काढा, तिच्या दिशेने तोंड करून उभे आहोत अशी कल्पना करा आणि प्रवासाच्या वेळी सूर्य आपल्या कोणत्या हाताला असेल ते पाहा. डाव्या हाताची खिडकी ‘ए’ आणि उजव्या हाताची ‘एफ’, हे आपल्याकडच्या बहुतेक विमानांत ठरलेले असते.

आता लोक चुकतात ते सूर्य नेमका पूर्वेला उगवतो आणि नेमका पश्चिमेला मावळतो, असे गृहीत धरल्यामुळे. कोल्हापूरकरांना तर हे वेगळे समजावून सांगण्याची गरज नाही. अंबाबाईच्या मंदिरातील किरणोत्सव, म्हणजे मावळतीची किरणे थेट देवीच्या मूर्तीवर पडण्याचा सोहळा, नोव्हेंबरात ९ ते ११ या तारखांना आणि पुन्हा ३१ जानेवारी ते २ फेब्रुवारी या दिवसांत होतो, कारण या दोन्ही वेळी मावळतीचा सूर्य क्षितिजावर एकाच ठिकाणी, म्हणजे पश्चिमेपासून सुमारे १८ अंश दक्षिणेकडे सरकलेला असतो. आपला प्रवास नेमका याच दिवसांतला आहे. तेव्हा सकाळचा सूर्य आग्नेयेकडे झुकलेला, दुपारचा दक्षिणेला आणि संध्याकाळचा नैर्ऋत्येकडे झुकलेला, असे धरून चालावे. गंमत अशी की आपल्या विमानतळाच्या धावपट्टीची दिशाही साधारण २५० अंशांची, म्हणजे पश्चिमेपासून सुमारे २० अंश दक्षिणेकडे, असल्याने किरणोत्सवाच्या दिवसांत सूर्य जवळजवळ धावपट्टीच्याच रेषेत मावळतो.

आपल्या टप्प्यांना हे लावून पाहू. कोल्हापूरहून मुंबई वायव्येकडे, पण पश्चिमेपेक्षा उत्तरेला बरीच अधिक झुकलेली आहे. सकाळी नऊला निघाल्यास सूर्य आपल्या उजव्या खांद्यामागे असेल आणि साधारण अकरापर्यंत तो उजवीकडेच राहील. त्यानंतर तो शेपटाच्या रेषेवरून डावीकडे येऊ लागतो, पण तोवर आपण मुंबईत उतरलेले असाल. म्हणून जाताना ‘ए’. मुंबई–दिल्ली हा प्रवास उत्तर-ईशान्येचा आहे आणि दुपारी एकनंतर सूर्य डावीकडे जातो, म्हणून तेथे ‘एफ’. दिल्ली–बागडोगरा जवळजवळ सरळ पूर्वेकडे असल्याने ऊन दिवसभर उजव्या, म्हणजे दक्षिणेच्या खिडक्यांवर राहते. तेथे निःशंकपणे ‘ए’ घ्यावे आणि परतताना ‘एफ’.

दिल्ली–बागडोगरा टप्प्यावर तर आपल्या प्रश्नाला जागाच उरत नाही, कारण हिमालयही उत्तरेलाच आहे. हवा स्वच्छ असल्यास धौलागिरी, अन्नपूर्णा, मनास्लू, पुढे एव्हरेस्ट आणि मकालू आणि उतरण्यापूर्वी कांचनगंगा, अशी रांग पश्चिमेकडून पूर्वेकडे क्रमाने दिसत जाते. एव्हरेस्ट ८,८४९ मीटर आणि कांचनगंगा ८,५८६ मीटर उंच आहे आणि जेट विमान साधारण १०,००० मीटरांवरून जाते, त्यामुळे ही शिखरे मान वर करून पाहावी लागत नाहीत, ती क्षितिजाच्या किंचित खालीच दिसतात. ढग समजून लोक त्यांच्याकडे दुर्लक्ष करतात. कडा धारदार दिसली आणि काही मिनिटांत आकार बदलला नाही, तर ते शिखर समजावे.

एक सूचना मात्र करतो. हा सगळा हिशेब हिवाळ्याचा आहे. कोल्हापुरात मेच्या पहिल्या आठवड्याच्या सुमारास शून्य सावलीचा दिवस येतो आणि त्यानंतर ऑगस्टच्या पहिल्या आठवड्यापर्यंत आपल्याकडे माध्यान्हीचा सूर्य डोक्याच्या उत्तरेला असतो. ‘दक्षिणेची बाजू उन्हाची’ हा नियम त्या तीन महिन्यांत येथे चालत नाही.

घाटमाथा

सरांनी दिशा इतक्या नेटक्या सांगितल्या आहेत की मी फक्त कोल्हापूर–मुंबई या टप्प्याबद्दल लिहितो, कारण कामानिमित्त माझे त्यावर नेहमी जाणे-येणे असते.

एटीआर ७२ मध्ये दोन-दोनच आसने असतात आणि पंख खिडक्यांच्या वरच्या बाजूला असल्याने खालचा प्रदेश पंखाआड जात नाही. पण पुढच्या काही रांगांशेजारी इंजिन आणि फिरणारा पंखा येतो आणि मधल्या रांगांखाली चाकांचा फुगीर भाग असतो. त्यामुळे मागचा तिसरा हिस्सा निवडावा. तेथे पंख्याचा आवाजही कमी असतो आणि प्रवाशांचा दरवाजा मागेच असल्याने चढणे-उतरणे लवकर होते. हे विमान जेटपेक्षा बरेच खालून, साधारण १७ ते २० हजार फुटांवरून जाते, हे देखावा पाहणाऱ्याचे भाग्यच म्हणायचे. धरणाची भिंत, घाटाची वळणे, उसाच्या फडांमधली हिरव्या रंगाची फिकट-गडद वाटणी, हे सारे त्या उंचीवरून ओळखता येते.

सरळ रेषेने गेल्यास डावीकडे प्रथम जोतिबा आणि पन्हाळा, मग वारणेचा वसंतसागर आणि पुढे कोयनेचा शिवसागर लागतो. शिवसागर दोन डोंगररांगांमध्ये उत्तर-दक्षिण लांबच लांब पसरलेला असून मार्ग त्याच्या जवळजवळ वरूनच जातो, म्हणून तो कोणत्याही बाजूने दिसू शकतो. त्यानंतर डावीकडे जमीन एकाएकी खाली उतरते आणि कोकण सुरू होते. वाशिष्ठी आणि सावित्रीच्या खाड्या, त्यांच्या तोंडाशी समुद्र आणि पुढे मुरूड-जंजिऱ्याचा किनारा, हे सर्व ‘ए’च्या बाजूला आहे. पावसाळा संपून धरणे तुडुंब असताना आणि हवा धुतलेली असताना, म्हणजे नेमक्या आपल्याच दिवसांत, हे पाहण्यासारखे असते.

उड्डाणानंतरच्या पहिल्या पाच मिनिटांबद्दल मात्र कोणीही शब्द देऊ शकणार नाही. विमान वाऱ्याच्या विरुद्ध दिशेने उडते. पश्चिमेकडे उडाले तर शहर, रंकाळा आणि पंचगंगेचे वळण उजव्या बाजूला राहते आणि पूर्वेकडे उडून डावीकडे वळले तर तेच डावीकडे येते. रंकाळा दिसला नाही म्हणून रुसू नये.

काचेपलीकडे

वरील दोन्ही उत्तरे योग्य आहेत, पण सावली आणि देखावा या दोन वेगळ्या गोष्टी आहेत आणि नशिबाने त्या कधी कधी एकत्र येतात, असा त्यांचा सूर मला पटत नाही. त्या बहुतेक वेळा एकत्रच असतात आणि त्याला कारण आहे.

आपण सावलीच्या बाजूला बसतो तेव्हा सूर्य आपल्या पाठीशी असतो, म्हणजेच समोरच्या प्रदेशावर तो पुढून पडत असतो. डोंगराचा रंग, शेतांचे तुकडे, मातीची छटा, सगळे त्यामुळेच स्पष्ट दिसते. उन्हाच्या बाजूला बसणाऱ्याला तोच डोंगर काळपट आकार म्हणून दिसतो आणि मध्ये धुरकट चमक येते. शिवाय विमानाची खिडकी काचेची नसून अॅक्रिलिकच्या थरांची असते. तिच्यावर वर्षानुवर्षांचे बारीक ओरखडे असतात आणि थेट ऊन पडले की ते सगळे एकदम झळाळून उठतात. मोबाइलने काढलेल्या छायाचित्रांत ढगासारखे दिसणारे पांढरे पट्टे बहुधा या ओरखड्यांचेच असतात. खिडकीच्या खालच्या भागात एक बारीक छिद्र दिसते, त्याभोवती कधी कधी दव साचते. ते बिघाडाचे लक्षण नाही, थरांमधला हवेचा दाब सांभाळण्यासाठी ते मुद्दाम ठेवलेले असते.

आणि सावलीच्या बाजूचा एक देखावा तर असा आहे की जो उन्हाच्या बाजूला बसून पैसे देऊनही मिळणार नाही. खाली ढगांचा सपाट थर असेल तर सूर्याच्या नेमक्या विरुद्ध दिशेला, विमानाच्या सावलीभोवती, रंगीत वर्तुळ दिसते. हरिश्चंद्रगडाच्या कोकणकड्यावरून दिसणारे इंद्रवज्र ते हेच. सूर्यप्रकाश ढगातील सूक्ष्म थेंबांवरून उलट दिशेने परत येतो म्हणून ते घडते, त्यामुळे ते पाहायला सूर्य पाठीमागेच असावा लागतो. सकाळी नऊच्या विमानात ‘ए’ला बसून थोडे पुढे आणि खाली पाहत राहा; सूर्य उजव्या खांद्यामागे असल्याने वर्तुळ डाव्या पुढच्या अंगाला पडेल.

अपवाद दोनच मान्य करतो: सूर्यास्त आणि पाणी. नदीवर किंवा भातखाचरांवर ऊन चमकून जाते ते उन्हाच्याच बाजूने दिसते. ज्याला तेवढेच पाहायचे आहे त्याने डोळे दिपण्याची तयारी ठेवावी.

करवीरवासी

सर्वांचे मनःपूर्वक आभार. जाण्याचा प्रश्न मिटला. आता अडचण परतीची आहे. मुंबईहून साडेचारला निघाल्यावर ऊन उजवीकडे येणार आणि समुद्रही उजवीकडेच असणार. म्हणजे सौ.ला सावली द्यायची तर ‘ए’ आणि मला समुद्र पाहायचा तर ‘एफ’. एकीने एकीकडे आणि एकाने दुसरीकडे बसणे हा पर्याय घरात मांडून पाहिला. त्यावर मिळालेले उत्तर येथे लिहिण्यासारखे नाही.

घाटमाथा

परतीला ‘ए’च घ्या आणि समुद्र सोडून द्या. त्यात आपले काहीही नुकसान नाही, उलट मी तर संध्याकाळच्या विमानात पैसे भरून ‘ए’ घेतो.

सह्याद्रीचे कडे पश्चिमेकडे तोंड करून उभे आहेत. सकाळी त्यांच्या मागून सूर्य येतो, त्यामुळे कोकणाच्या बाजूची भिंत सावलीत काळी राहते. संध्याकाळी तीच भिंत थेट उन्हात येते. मुंबईहून निघालेले विमान सुरुवातीचा मार्ग कोकणावरून कापते आणि महाबळेश्वरच्या दक्षिणेला जाऊन घाटमाथ्यावर चढते, म्हणजे निम्मा प्रवास होईपर्यंत सह्याद्रीची ही उजळलेली भिंत आपल्या डाव्या खिडकीसमोर असते. सरळ रेषा धरली तर रायगड काही किलोमीटरांवर डावीकडे येतो. चारी बाजूंनी तुटलेला, वर सपाटी असलेला डोंगर म्हणून तो ओळखू येतो. त्याच्या मागे घाटाची मुख्य भिंत असते. नोव्हेंबरात पाच वाजता ऊन इतके तिरपे असते की कड्यातली प्रत्येक नाळ आणि प्रत्येक सोंड वेगळी उठून दिसते. पुढे महाबळेश्वरचे पठार, पाचगणीचे टेबललँड आणि कास हेही त्याच बाजूला आहेत.

उजवीकडे बसणाऱ्यांना या सगळ्या वेळात दिसतो तो चकाकणारा समुद्र. पहिली दोन मिनिटे तो सुंदर दिसतो, मग हवाई सुंदरीने काही सांगण्यापूर्वीच सगळ्या खिडक्यांचे पडदे खाली येतात.

निवृत्त भूगोल शिक्षक

‘घाटमाथा’ यांच्या उत्तराला मी एक पुरवणी जोडतो, कारण प्रश्न डोळ्यांचाही आहे. परतीच्या वेळी सूर्य उजव्या खिडक्यांना जवळजवळ काटकोनात असेल आणि साडेचारच्या सुमारास क्षितिजापासून वीस अंशांच्या आतच असेल. एटीआरचे केबिन जेमतेम अडीच मीटर रुंद असल्याने उजवीकडच्या एखाद्याने पडदा उघडा ठेवला तर ते ऊन केबिन ओलांडून डावीकडच्या आसनांपर्यंत पोहोचते. सुरुवातीला ते मांडीवर पडेल, सूर्य जसजसा उतरेल तसतसे ते चेहऱ्यापर्यंत चढेल आणि त्याचा त्रास आधी मधल्या वाटेकडच्या ‘सी’ आसनावरील प्रवाशाला होईल. तेव्हा परतीला खिडकी वहिनींना द्यावी. त्यांचे तोंड बाहेरच्या बाजूला राहील आणि ऊन पाठीवर येईल. आपण ‘सी’वर बसून त्यांच्या खांद्यावरून रायगड पाहावा, एवढा त्याग खिडकीवेड्या माणसालाही जमण्यासारखा आहे.

विमानाच्या खिडकीतून अतिनील किरणांपैकी यूव्ही-बी बहुतेक अडतात, पण यूव्ही-ए काही प्रमाणात आत येतात, म्हणून शस्त्रक्रियेनंतर डॉक्टरांनी दिलेला काळा चष्मा सावलीच्या बाजूलाही हाताशी असू द्यावा. उड्डाणाच्या आणि उतरण्याच्या वेळी पडदे उघडे ठेवायला सांगतात, तेव्हा त्याचा उपयोग होईल.

ताराराणी चौक

प्रवासाची तिकिटे काढून देणे हा माझा व्यवसाय असल्यामुळे व्यवहारातल्या दोन गोष्टी सांगतो. आसनाचे पैसे भरण्यापूर्वी विमान कोणत्या प्रकारचे आहे ते पाहून घ्या आणि प्रवासाच्या आदल्या दिवशी पुन्हा पाहा. काही छोट्या जेट विमानांत डाव्या बाजूला एकच आसन आणि उजवीकडे दोन असतात. विमान बदलले की जोडीने घेतलेली आसने फुटतात. मोठ्या विमानात खिडकी घेताना पंखावरची रांग टाळा, कारण हिमालयाच्या बाजूला बसून दोन तास पंख पाहणारे प्रवासी मी पाहिले आहेत. पंखाच्या पुढची रांग सर्वांत उत्तम. मागची घेतलीच तर अगदी शेवटाकडची घ्यावी, कारण इंजिनाच्या लगेच मागे गरम हवेमुळे देखावा थरथरता दिसतो. शिवाय प्रत्येक खिडकीच्या आसनासमोर खिडकी असतेच असे नाही. एखाद्या रांगेत नुसती भिंत येते, म्हणून आसनांचा नकाशा उघडून रांगेवरील शेरा वाचावा.

दुसरे म्हणजे बागडोगरा हा वायुसेनेचा तळ आहे. तेथे जमिनीवर असताना आणि चढता-उतरताना छायाचित्रे काढण्यास मनाई असते आणि पुण्याच्या लोहगावलाही तोच नियम आहे. कांचनगंगेची छायाचित्रे त्याआधी, वर असतानाच काढून घ्यावीत.

उसाचा पट्टा

चर्चा वाचून माझाही प्रश्न सुटेल असे वाटते. मुलगी बेंगळुरूला आणि मुलगा हैदराबादला असल्याने कोल्हापूरहून दोन्हीकडे जाणे होते. तेथे हाच हिशेब लावायचा का?

निवृत्त भूगोल शिक्षक

होय. बेंगळुरू आपल्याहून आग्नेयेला आहे, त्यामुळे सकाळी ऊन डाव्या बाजूला आणि दुपारनंतर उजव्या बाजूला येते; सकाळच्या विमानात ‘एफ’ घ्यावे, म्हणजे घटप्रभेवरचा हिडकल जलाशय सुरुवातीच्या पंधरा-वीस मिनिटांत दिसण्याची शक्यताही त्याच बाजूला अधिक असते. हैदराबाद जवळजवळ पूर्वेला असल्याने ऑक्टोबर ते फेब्रुवारी जाताना ‘ए’ आणि येताना ‘एफ’ ही सावलीची बाजू दिवसभर टिकते. मे ते जुलैमध्ये मात्र सकाळचा सूर्य ईशान्येकडे सरकलेला असतो, म्हणून त्या महिन्यांत सकाळी जाताना ‘एफ’ अधिक सोयीचे पडेल. जूननंतर ढगांमुळे खालचे तसेही फारसे दिसत नाही, तेव्हा पावसाळ्यात आसनासाठी वेगळे पैसे भरू नयेत.